मावशीची फीमाफी

कुणी काही दिलं की मावशी ते आधी कपाळाला लावायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं देणारीचं नाव घ्यायची. "हे वरण शेवंताचं हाय बरं का!" वाटीभर वरणाची केवढी दवंडी! शेवंता दाराआड लाजायची. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. पण तिची सुनावणी तुम्ही पाहिली नसेल.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेरीच्या भिंतींना ताजा रंग आणि आमच्या जळकोटात प्यायला पाणी नाही. दुष्काळात मावशीची मजुरी बंद पडली. तिनं निराधारचा पगार मागितला, तर 'मुलगा आहे' म्हणून नामंजूर. मुलगा हैदराबादला गेला तो गेलाच. वर्षानुवर्षं पत्रसुद्धा नाही. मी तेव्हा संघटनेची पत्रकं वाटत हिंडायचे. म्हटलं, अपील करू. वकील कशाला? मावशी स्वतःच बोलेल.

पण अपिलाला कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो. उपाशी आहे हे सांगायलाही सरकार आधी तिकीट मागतं! स्टॅम्प मी घेऊन दिला असता. पण फी भरणारी बाई निराधार कशी, हा प्रश्न अपील ऐकणाऱ्या साहेबांच्याच टेबलावरून आला असता. म्हणून फीमाफीचा अर्ज. त्यात एकच गोष्ट शपथेवर सांगायची होती: मला कुणाचाही आधार नाही.

"असं कसं म्हनू गं? गल्लीला काय वाटंल?"

"गल्लीच म्हणतेय, म्हण म्हणून!" मी ओरडले.

खरंच, सुनावणीच्या दिवशी शेवंता आणि शेजारची रमा कचेरीत साक्षीला आल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "यांना कोण सांभाळतं?"

"कोनी न्हाई साहेब," शेवंता म्हणाली. "आमी तर दारातबी उभं करत न्हाई."

मावशी गर्रकन वळली. "शेवंते! परवाची भाकर कुणाची व्हती?"

"ती... शिळी व्हती."

"शिळी? वाफा निघत व्हत्या तिच्यातून! साहेब, खोटं बोलायली ही. आन् ही रमा, टँकर आला की आधी माझी घागर भरती."

"चुकून सांडतं वो तिच्यात!" रमा कळवळली.

"रोज सांडतं?"

मी टेबलाखालून मावशीच्या पायावर पाय दिला. तिनं पाय बाजूला घेतला आणि आणखी पाच नावं सांगितली. साहेब लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवलं: अर्जदारास खालील व्यक्तींचा आधार आहे, सबब फीमाफी नामंजूर.

अपील कधी दाखल झालंच नाही. मावशीही आता नाही. 'सबब' हा शब्द दिसला की अजून माझं डोकं फिरतं.

पण त्या दिवशी मावशी सगळी यादी मान डोलवत ऐकत होती. ती संपल्यावर तिनं माझ्याकडं बोट केलं. "हिचं राहिलं की साहेब. यष्टीचं तिकीट हिनंच काढलं."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि माझं नाव विचारलं.

मी सांगितलं.