भेकराएवढ्या हरणाला किती मिलिमीटर

नऊ-तीनवाल्यांचा मला मनस्वी राग आहे, आणि तो कधी जाईल असं वाटत नाही. नऊ-तीन म्हणजे नऊ पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर जाडीची गोळी. जर्मनीत, येना शहराच्या बाहेर आम्ही ज्या गावात राहतो तिथल्या गास्टहाउसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दर गुरुवारी पाच-सहा शिकारी जमतात. बिअरचा पहिला ग्लास संपायच्या आत कुणीतरी म्हणतोच, "नऊ-तीननं हाणलं की हरिण जागच्या जागी." मग दुसरा आपल्या आजोबांची आठ बाय सत्तावन्न काढतो. तिसरा तीनशे आठचे गोडवे गातो. आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघून दात काढतात, कारण माझी बंदूक टू-फोर-थ्री. सहा मिलिमीटरच्या आसपासची गोळी. "बायकांचं कॅलिबर," आमचा पेख्टर म्हणतो. बरं, मारायचं काय असतं? रेह. आपल्या भेकराएवढं हरिण. त्याला नऊ-तीन म्हणजे डास मारायला वरवंटा.

पेख्टर म्हणजे ज्यानं गावचं जंगल शिकारीसाठी भाड्यानं घेतलंय तो. हा निवृत्त डेंटिस्ट. समोरच्याच्या तोंडात अजून आपली हत्यारं आहेत आणि त्याला उत्तर देता येणार नाही, अशा समजुतीनं बोलतो. त्याच्या सहीचा एक कागद असतो, बेगेहुंग्सशाइन. तो असेल तर त्या जंगलात बंदूक घेऊन जाता येतं. नसेल तर तुम्ही परीक्षा पास झालेले असा, लायसन असो, बसा घरी. माझा कागद दर वर्षी मार्चअखेर संपतो. त्या एका सहीसाठी मी तीन वर्षं त्याच्या मचाणांच्या फळ्या ठोकल्या, काटेरी झुडपं तोडली, त्याचे तेच ते विनोद ऐकून हसले. हो, हसले. आता सांगायला लाज वाटते.

लोक विचारतात, एवढं काय अडलं होतं तुझं? मी पुण्याची, येनात लेन्स तपासायचं काम करते. बंदुकीवरच्या दुर्बिणीही त्यात आल्या. "दुर्बीण चुकीचं दाखवते" अशा शिकाऱ्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर यायच्या, म्हणून म्हटलं एकदा स्वतः शिकून बघू. शिकले, आणि ते जंगलच आवडलं. पहाटे मचाणावर बसलं की दोन तास कुणी कुणाशी बोलत नाही. तुम्ही कुठल्या, परत कधी जाणार, जर्मन छान बोलता हो, यातलं काही नाही. पंधरा वर्षं या देशात राहून मला आपली वाटलेली ही एकच जागा. आणि तिची किल्ली त्या दातवाल्याच्या पेनात.

तर कॅलिबरचं. मोजणं हा माझा धंदा आहे. नुसत्या बढाया किती ऐकणार? मी पेख्टरकडून शिकारीचं रजिस्टर मागून घेतलं. त्यात प्रत्येक हरणापुढे कॅलिबर, गोळी कुठे लागली, हरिण किती पळालं, असं सगळं लिहायचं असतं. वाचते तर काय, सगळ्यांचं "ब्लाट". ब्लाट म्हणजे खांद्यामागे, बरोबर काळीज-फुप्फुसांवर. गावात एकाचाही नेम कधी चुकलेला नाही! देव पावला की यांना!

खरं काय ते एका बाईच्या वहीत होतं. गोळी लागूनही हरिण पळून गेलं की या बाईला बोलावतात. साठी उलटलेली, कमी बोलणारी, आणि तिची लाल-तपकिरी कुत्री, रक्ताच्या वासावर चालणारी. बाई फुकट येते. फक्त एक गोष्ट मागते, गोळी कुठे लागली ते खरं सांगा. कारण त्यावर सगळं असतं. फुप्फुसात लागली असेल तर लगेच निघायला हरकत नाही, हरिण जवळच मरून पडलेलं असतं. पोटात लागली असेल तर चार तास थांबायचं. तेवढ्यात ते कुठेतरी आडोशाला बसतं आणि बसल्या जागी शांतपणे मरतं. घाई केली तर ते उठतं, आणि आतडी लोंबत असली तरी पळतं. तिच्या वहीत दोन रकाने होते. शिकारी काय म्हणाला, आणि तिला काय सापडलं. वही तिनं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तू मोजणारी आहेस. घे."

महिनाभर संध्याकाळी बसून मी त्याचा तक्ता केला. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यानं एक्सेलमध्ये मदत केली आणि वर टोमणाही मारला. "अगं, त्या म्हाताऱ्यांना आकडे दाखवून काय होणार? उगाच विंचवाच्या बिळात हात कशाला घालतेस?" पण तक्ता लख्ख होता. फुप्फुसात लागलेलं रेह टू-फोर-थ्रीनंही पडत होतं आणि नऊ-तीननंही. कधी जागेवर, कधी थोडं पळून. पोटात लागलेलं दोन्हींनी पळत होतं. फरक असेल तर एवढाच, की मोठ्या गोळीनं खांद्याच्या मांसाचा लगदा होतो, आणि ती बंदूक असा काही दणका देते की हे बहाद्दर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. त्यामुळे पोटातल्या गोळ्या त्यांच्याच जास्त.

गुरुवारी मी हे सगळं टेबलावर वाचून दाखवलं. नुसतं वाचून थांबायला हवं होतं. पण माझी जीभ! मी म्हटलं, आमच्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. जर्मनमध्ये अर्थही फोड करून सांगितला. कुणीच हसलं नाही. पेख्टरनं ग्लास खाली ठेवला. "आल्झो, ठीक आहे. ऑक्टोबरात तुझ्या खेळण्यानं एक रेह मार. तुझ्या डोळ्यांदेखत पडलं तर मार्चमध्ये सही करतो. पळालं तर बघू."

"चालेल," मी म्हटलं. तोंडातल्या तोंडात त्याला एक अस्सल पुणेरी शिवीही दिली.

ऑक्टोबरातली ती सकाळ स्वच्छ होती. उजाडल्यावर एक वर्षाची मादी कुरणाच्या कडेला आली, एकटीच. अंतर फार नव्हतं. माझ्या दुर्बिणीतून तिच्या पापण्या दिसत होत्या. ती तिरकी उभी होती. अजून दोन पावलं चालली असती तर आडवी आली असती. मी थांबायला हवं होतं. पण डोक्यात जंगल नव्हतं, गुरुवार होता. त्यांची तोंडं कशी पडतील हे मला दिसत होतं. मी चाप ओढला.

ती उडाली नाही, कोसळली नाही. तिनं पाठीची कमान केली आणि पोट आवळून सावकाश चालत झाडीत गेली. पाठीची कमान म्हणजे पोट, हे परीक्षेत विचारतात. मी खाली उतरून ती उभी होती तिथे गेले. गवतावर हिरवट लगदा होता, चघळलेल्या पानांचा, आणि आंबूस वास. मला सगळं कळलं. मी बुटानं बीचच्या झाडांची सुकी पानं त्यावर ओढली आणि बाईला फोन लावला.

ती आली. "कुठे लागली?"

"ब्लाट," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो, नक्की." खोटं बोल पण रेटून बोल. ज्या लोकांना महिनाभर शिव्या घातल्या त्यांचाच शब्द, त्यांच्याच आवाजात. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. ती कधीच स्वतः तपासल्याशिवाय निघायची नाही, पण त्या दिवशी तिनं गवत नीट पाहिलं नाही, कारण सांगणारी मी होते. तिची वही जिच्याकडे होती ती मी.

पुढचं सांगायला जीव नको म्हणतो. कुत्रीनं थोड्या अंतरावर हरणाची बसायची जागा काढली, गवत दबलेलं, उबदार, आणि रिकामं. आम्हीच त्या हरणाला उठवलं होतं. मग ओढा, चढ, पुन्हा एक उबदार रिकामी जागा. बाई दोरी सैल सोडत कुत्रीमागे चालत राहिली. दुपार कलल्यावर मेंढ्यांच्या कुंपणाच्या कोपऱ्यात हरिण सापडलं. जिवंत होतं. आमच्याकडे बघत होतं. बाईनं ते संपवलं. सुरा पुसताना ती म्हणाली, "चार तास मागितले असतेस तर मी दिले असते."

इथे एक रीत आहे. हरिण सापडलं की हिरवी डहाळी मोडून मारणाऱ्याच्या हातात देतात. तो टोपीत खोवतो, आणि त्यातलाच एक तुकडा मोडून कुत्र्याला देतो. बाईनं ओकची डहाळी मोडली आणि सगळीच्या सगळी कुत्रीच्या पट्ट्यात खोवली. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

तेवढ्यात पेख्टर आला. त्यानं पोटातलं भोक बघितलं, आणि काय सांगू, त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हटलं नव्हतं? तुझी चूक नाही गं, कॅलिबरची आहे. एवढ्याशा गोळीनं दुसरं काय होणार? तीनशे आठ घे. माझ्या ओळखीचा बंदूकवाला आहे. मार्चची काळजी करू नकोस."

सगळं माझ्या पुढ्यात आयतं वाढलेलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की गोळीचा दोष नाही, मी घाई केली आणि वर खोटं बोलले. माझ्या तक्त्यात हेच तर लिहिलं होतं. बाई कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी होती. ती वाट बघतेय, हे मला कळत होतं.

"गेनाऊ," मी पेख्टरला म्हटलं. म्हणजे अगदी बरोबर.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," एवढंच म्हणाला, आणि भात कालवत बसला. मी त्याच्यावर खेकसले. तो बरोबर होता म्हणूनच खेकसले.

मी तीनशे आठ घेतली. गुरुवारी टेबलावर आता मला जागा करून देतात. "हिला पटलं शेवटी," असं पेख्टर नव्या माणसाला सांगतो, आणि मी हसते. तक्त्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बाईनं तिची वही मात्र माझ्याकडून परत नेली. त्या माणसांचा राग मला अजूनही येतो, पण पूर्वीसारखा मोकळेपणानं करता येत नाही. त्याचाही राग येतो.

जानेवारीत एका सकाळी त्या नव्या बंदुकीनं एक रेह मारलं. या वेळी थांबले, आडवं येऊ दिलं, आणि गोळी जिथे जायला हवी तिथेच गेली. हरिण उडालं, साठेक पावलं पळून काट्यांच्या झुडपात शिरलं. म्हणजे तीनशे आठनंही पळतात, घ्या! बर्फावर लालभडक फेसाळ रक्त होतं, फुप्फुसाचं. काटे इतके दाट होते की कुत्रीशिवाय आत जाणं शक्य नव्हतं. मी बाईला फोन केला.

ती आली. मी म्हटलं, "ब्लाट. या वेळी खरंच. रक्त बघ."

तिनं रक्ताकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "गाडीत बस," ती म्हणाली. "चार तास."

"अगं, ते तिथेच पडलंय! पोट फुगेल, मांस वाया जाईल."

"जाऊ दे." कुत्रीला घेऊन ती तिच्या गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. मी माझ्या गाडीत बसले. काच घामेजत होती, मी पुसत होते. पूर्ण चार तास. मग कुत्रीला झुडपात शिरून हरणापर्यंत पोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते झुडपात शिरलं तेव्हाच मेलं होतं. पोट टम्म फुगलं होतं, मांस कुणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं.

बाईनं बॉनेटवर वही उघडली. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ब्लाट, दोन्ही फुप्फुसं. पहिल्या रकान्यात, जिथे शिकारी काय म्हणाला ते लिहितात, तिथे तिनं आडवी रेघ ओढली आणि वही मिटली.