आमिषाची फोड

आमच्या घरात आता एकही चिलट नाही. ओट्यावर अर्धं लिंबू तसंच राहिलं, ओल्या कचऱ्याचा डबा उघडा राहिला, तरी त्यावर काही घोंघावत नाही. लेक रविवारी ठाण्याच्या नौपाड्याहून येते आणि म्हणते, आई, किचन किती क्लीन झालंय गं. किचन होतं तसंच आहे. फळं यायची बंद झाली, एवढंच. आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही आणि माणूस गेला त्या घरी कुणी फळं घेऊन जात नाही. चिलटांना एवढा हिशेब पुरतो.

आजारी हे होते. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही आणि आता लावून घेण्यात अर्थ नाही. त्यांची नोकरी डोंबिवली एमआयडीसीत, रंगांच्या कंपनीच्या लॅबमध्ये. सकाळी गॅलरीत उभं राहून हवेचा वास घ्यायचे आणि आज कुठल्या कंपनीने टाकी उघडली ते सांगायचे. नाक शाबूत राहिलं. किडन्या तेवढ्या गेल्या. त्या का गेल्या ते कुणी नक्की सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं.

पहिल्याच दिवशी डायलिसिस सेंटरमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून सांगितलं की केळी, मोसंबी, आंबा, शहाळं, टोमॅटो बंद. दूध अगदी थोडं. पाणीसुद्धा मोजून. फळांत पोटॅशियम असतं, ते यांच्या रक्तात साठून राहील आणि हृदय कधीही थांबेल. एवढ्या गोड चेहऱ्याच्या बाईने हे इतकं सरळ सांगितलं की मी घाबरूनच गेले. मी मुळातच थोडी करडी. त्या दिवसापासून घरात जेलर झाले.

आता यांची आवड सांगते. आंब्यावर यांचा जीव नव्हता, श्रीखंडावर नव्हता. यांना लागायचं शिकरण. वेलची केळी, दूध, साखर आणि गरम पोळी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस सासूबाईंना त्रास नको म्हणून शिकरण मागतो. नंतर कळलं, खरोखरच त्याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. पगार वाढला तरी शिकरण, लेक झाली तरी शिकरण. माझ्या माहेरी याची थट्टा चालायची. तर अशा माणसाचं केळं मी बंद केलं आणि नेमकी तेव्हाच घरात केळी यायला सुरुवात झाली.

आमच्या ठाकुर्लीची माणसं प्रेमळ आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सांगितलेलं ऐकतील तर शपथ. मी प्रत्येकाला सांगायचे की यांना फळं चालत नाहीत. ते मान डोलवायचे, दुःख व्यक्त करायचे आणि निघताना डझनभर केळी टेबलावर ठेवायचे. फळाने कधी कुणाचं वाईट झालंय का, असंही वर म्हणायचे. एक गृहस्थ दर आठवड्याला शहाळं आणायचे, कारण म्हणे त्याने लघवी साफ होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय सांगणार? तळमजल्यावरच्या वहिनींनी दिलेली मोसंबी मी वरच्या मजल्यावर पोचवली, तर चार दिवसांनी तीच मोसंबी, त्याच निळ्या गाठीच्या जाळीत, वरच्या वहिनी यांना बघायला घेऊन आल्या. मी हसून घेतली. यांनी तोंडावर पेपर धरला, पण तो पेपर हलत होता.

वाटून वाटून किती वाटणार? कामाच्या बाईंना द्यायचे, वॉचमनला द्यायचे, तरी उरायचीच. केळी काळी पडली आणि चिलटं आली. आधी फळांवर, मग ओट्यावर, मग लोणच्याच्या बरणीवर, मग माझ्या चहाच्या कपात. मोरीत उकळतं पाणी आणि खायचा सोडा ओतून झाला. लेकीने ठाण्याहून स्प्रे आणला. यांनी तो हातात घेतला, मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं आणि परत केला. म्हणाले, जन्मभर हेच हुंगत आलो, आता घरात नको. मी करतो काहीतरी.

मग त्यांनी जॅमच्या रिकाम्या बाटल्या मागितल्या. तळाशी बोटभर व्हिनेगर, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, वर कागदाचं नरसाळं, टोक खाली करून बसवलेलं. व्हिनेगरच्या वासाने चिलट आत शिरतं, नरसाळ्यातून त्याला बाहेरची वाट सापडत नाही आणि साबणामुळे ते व्हिनेगरवर तरंगू शकत नाही, असं मला समजावून सांगितलं. चिकटपट्टी लावून बाटल्यांवर अ, ब, क लिहिलं. त्या दिवशी कितीतरी काळाने ते माझा हात न धरता खुर्चीतून उठले. मला इतकं बरं वाटलं की चिलटांचे आभार मानावेसे वाटले.

"केळ्याची एक फोड लागेल," पंख्याकडे बघत ते म्हणाले.

"कशाला?"

"आमिष म्हणून."

मी कुरकुरतच हो म्हटलं आणि त्यांनी पडत्या फळाची आज्ञा घेतली. अंगठ्याएवढी फोड घेऊन बाटल्यांसकट थेट गॅलरीत गेले. चिलटं स्वयंपाकघरात आणि सापळे गॅलरीत, आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. मी तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणाले, कीटक उजेडाकडे येतात. लॅबमधल्या माणसाशी कोण वाद घालणार? दुसऱ्या दिवशी म्हणाले, आमिष शिळं झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी साबण जास्त झाला म्हणायचे, कधी व्हिनेगर पातळ निघालं म्हणायचे. कृती रोज बदलायची, ताजी फोड मात्र रोज लागायची. चिलटं काही कमी होईनात.

एका दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. हे माझ्याकडे पाठ करून प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. बाटली उघडी, नरसाळं मांडीवर आणि फोड तळहातावर. पुढच्या दातांनी तिचा एवढासा कण तोडायचे, जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून बसायचे. चोरून खाणाऱ्याला घाई असते. यांना नव्हती. प्रसादाचा कण खावा तसे ते खात होते.

मला संताप आला. मी रात्रंदिवस यांच्या रक्तातल्या त्या पोटॅशियमला घाबरत होते, ते उतरावं म्हणून बटाटा चिरून तासन्‌तास पाण्यात ठेवत होते आणि हा माणूस गॅलरीत बसून मरण चाखत होता. तोंड उघडलं होतं ओरडायला. तेवढ्यात त्यांनी फोडीचा उरलेला भाग डोळ्यांसमोर धरून बघितला, किती शिल्लक आहे ते. मला ओरडता आलं नाही. मी मागे फिरले, स्वयंपाकघरात एक पातेलं मुद्दाम आपटलं आणि मोठ्याने म्हटलं की कपडे काढायला येतेय. मी गेले तेव्हा नरसाळं जागच्या जागी होतं. बाटलीत नुसतं व्हिनेगर.

पुढच्या डायलिसिसला यांना मशीन लावल्यावर मी तिथल्या नर्स मुलीला बाजूला घेतलं. तिला सगळं सांगितलं. ती हसली, मग गंभीर झाली. रोज अजिबात नको म्हणाली. पण अगदी छोटा तुकडा, मशीनवर येण्याआधी त्याच सकाळी खाल्ला तर मशीन तो काढून टाकेल. डॉक्टरांच्या कानावर घाला आणि रक्ताचे रिपोर्ट बघत राहा. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हटलं नाही. मी घरी येऊन जाहीर केलं की आमिष यापुढे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बदललं जाईल. यांनी कारण विचारलं.

"चिलटांनाही थोडी शिस्त लागू दे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि बरं म्हणाले. मी फोड पातळ करत गेले, इतकी की सुरीचं पातं तिच्यातून दिसावं. आणि हे झोपले की बाटल्यांमध्ये मोसंबीची सालं टाकून एक बाटली गुपचूप ओट्याखाली ठेवायला लागले, पहाटे सालं काढून सगळं जागच्या जागी. मग चिलटं धडाधड पडू लागली. यांना वाटलं, आपलं साबणाचं प्रमाण जमलं. भेटायला येणाऱ्याला बाटली उजेडात धरून दाखवायचे. मीही कौतुक करायचे. आमच्या संसारातला तो शेवटचा चांगला काळ होता. तेव्हा कळलं असतं तर आणखी थोडं कौतुक केलं असतं.

आजार लांबला तशी माणसं यायची कमी झाली. आपापले व्याप असतात, कुणाला बोल लावायचा? फळं कमी झाली, चिलटंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तरी आमिष लागतच होतं. मग मी खाली गाडीवाल्याकडून एक केळं विकत आणू लागले. एकच केळं मागितल्यावर तो पहिल्यांदा विचित्र नजरेने बघायचा, नंतर न विचारता तोडून द्यायला लागला. चिलटं नसलेल्या घरात चिलटांसाठी केळं येत होतं आणि आम्ही दोघं त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

थंडी सुरू झाली आणि हे मशीनवरच गळून जायला लागले. रक्तदाब खाली यायचा, मशीन मध्येच थांबवावं लागायचं. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला आणि लेकीला बाहेर बोलावलं. घरी न्या म्हणाले. आता पथ्याचं फार बघू नका, त्यांना खावंसं वाटेल ते द्या. लेक भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मी नुसती मान हलवली. ज्या वाक्यासाठी एवढा काळ तळमळले होते ते कुणीतरी अखेर बोललं होतं, आणि ते वाक्य असं होतं.

यांना घरी आणून निजवलं आणि मी खाली गेले. गाडीवाल्याने सवयीने एक केळं तोडलं. मी म्हटलं, सगळी फणी दे. त्याने ती पिशवीत घातली. वर येऊन तीन केळी कुस्करली, साईसकट दूध घातलं, साखर घातली, वेलची कुटून घातली. वाटी काठोकाठ भरली. इतकं मन लावून मी दिवाळीचंही कधी काही केलं नसेल. लेकीने यांना उशांना टेकवून बसवलं.

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सगळं मला?"

"हो."

"दूधसुद्धा?"

"हो."

"म्हणजे पथ्य संपलं," ते म्हणाले.

मी जिन्यात एक थाप तयार करून ठेवली होती, की रिपोर्ट सुधारलेत, डॉक्टर खूष आहेत. ती सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला ती पुरी करू दिली नाही. लहान मुलासारखं तोंड उघडलं. मी चमचा भरवला. दुसरा भरवला. तिसऱ्याला त्यांनी ओठ मिटून घेतले.

"छान झालंय," म्हणाले. "पण ती फोड जास्त गोड लागायची."

"कुठली?"

"आमिषाची." श्वास घ्यायला थांबले. मग हसले. "अगं, जन्म काढला लॅबमध्ये. आमिष नेमकं डायलिसिसच्याच सकाळी शिळं होतं, एवढं कळतं मला."

मी त्यांच्या पांघरुणात डोकं खुपसून रडले. इतक्या महिन्यांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. लेक विचारत राहिली, कुठली फोड, कसलं आमिष. आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही. वाटीच्या काठावर कुठूनसं एक चिलट येऊन बसलं. मी हात उचलला तर हे म्हणाले, राहू दे, खाऊ दे त्याला. त्यानंतर ते फार बोलले नाहीत आणि तो आठवडा पुरा झाला नाही.

तेरावं झाल्यावर लेकीने बाटल्या धुऊन पुसून माळ्यावर टाकल्या. अ, ब, क तेवढं निघालं नाही. मंगळवारी सकाळी मी अजून खाली जाते आणि गाडीवाला एक केळं तोडून देतो. पातळ फोड कापते. उरलेलं केळं ओट्यावर उघडंच ठेवते. अजून तरी त्यावर कुणी आलेलं नाही. फोड घेऊन गॅलरीत जाते, त्यांच्या स्टुलावर बसते आणि ती खाऊन टाकते. मला काय, सगळं चालतं. मला कसलंच पथ्य नाही.