पाळी, बोअर आणि दुर्बीण

घरातल्या एकाला दवाखाना लागला की किस्से मात्र सगळ्या घराला लागतात. आमच्याकडं रोज चहाबरोबर एक तरी निघतो, आणि बहुतेकांत बावळट मीच असते. आता मीही हसते. तेव्हा मात्र एका शब्दानं माझी झोप उडवली होती. बारामतीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "दुर्बिणीतून गर्भाशय आतून बघू आणि छोटा तुकडा तपासायला पाठवू." तुकडा कशासाठी पाठवतात हे कळण्याइतकी मी शिकलेय. कळूनही शांत झोपण्याइतकी नाही.

*

सुरुवात झाली फोनवरून. मी अंगणात उभी राहून बहिणीला दबक्या आवाजात सांगत होते, "अगं, आठ दिवसांत परत पाळी आली. आणि जोर एवढा, की थांबायचं नाव नाही."

मागं सासरे, म्हणजे आबा, उभे होते. आमच्या इंदापूरकडं पाटातून निघालेल्या चाऱ्यांनी उसाला पाणी सुटतं, त्यालाही पाळीच म्हणतात. त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि निघाले. तासाभरानं घामाघूम होऊन परत आले.

"सूनबाई, पाट तर कोरडा ठणठणीत हाय. पाळी आली म्हणालीस ती कुठल्या चारीला?"

मी म्हणाले, "बहिणीकडं, आबा."

बहीण पिंपरीत चौथ्या मजल्यावर राहते.

*

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, वाटलं पोट फाडणार. मी समजावलं, "टाका नाही, काही नाही. खालून बारीक नळी आत घालतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. आत नीट दिसावं म्हणून थोडं पाणी सोडतात. भूल देतात, अर्ध्या तासात सगळं होतं."

आत्या जरा विचारात पडल्या. मग चेहरा उजळला. "म्हंजी बोअरात कॅमेरा सोडत्यात, तसंच की."

मला तर वाटलं, मॅडमनीसुद्धा इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पण आत्यांचं संपलं नव्हतं.

"आपल्या बोअरात सोडलेला अजून तितंच अडकून बसलाय. मॅडमला म्हणावं, दोरी जाड लावा."

*

दुर्बिणीच्या दिवशी मी सकाळपासून उपाशी. सिस्टरनी आधी लघवीची तपासणी करायला डबी दिली. "दिवस गेलेले नाहीत ना, ते बघावं लागतं. असतील तर दुर्बीण करत नाहीत."

इतका वेळ माझा हात धरून काळजीत बसलेल्या आत्या एकदम ताठ झाल्या. पाच मिनिटांनी सिस्टर आल्या. "निगेटिव्ह आहे."

आत्या हळूच म्हणाल्या, "परत एकदा बघा की ओ. घाईत बघितलं असंल."

*

भूल चढताना मी मॅडमना काहीतरी फार महत्त्वाचं विचारणार होते. काय, ते आठवत नाही. सिस्टर सांगतात, मी मॅडमचा हात घट्ट धरून म्हणाले, "ओवीच्या शाळेच्या डब्यात भेंडी देऊ नका."

जागी झाले तेव्हा ओटीपोटात पाळीच्या पहिल्या दिवसासारखं दुखत होतं, तेवढंच. मॅडम म्हणाल्या, "आत मांसाचा छोटा कोंब होता, पॉलिप. काढलाय. दिसायला साधाच आहे, पण खात्री रिपोर्टवरून."

संध्याकाळी घरी सोडताना सिस्टर माझ्या नवऱ्याला सूचना देत होत्या. थोडं रक्त दोन-चार दिवस जाईल. ताप आला, जास्त रक्त गेलं किंवा घाण वास आला तर लगेच फोन करा. "आणि काही दिवस जवळ यायचं नाही."

नवरा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचू लागला. सिस्टरनी विचारलं, "कळलं ना?"

तो म्हणाला, "व्हय. तिखट चालंल का?"

*

रिपोर्टला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मी सहा वर्षांच्या लेकीला, ओवीला, स्वतःची वेणी घालायला शिकवली. बुटाचे बंद, मोजे, पाण्याची बाटली, दप्तर, सगळंच. "मोठी झालीस, आता आपलं आपण करायचं," एवढंच सांगायचे. ती जीभ बाहेर काढून गाठी मारत बसायची. एकदा नवरा म्हणाला, "एवढी कसली घाई? तिला काय हॉस्टेलला धाडायचीय?"

मी म्हणाले, "असू दे सवय." तो माझ्याकडं बघत राहिला.

मग मॅडमचा फोन आला. "साधाच पॉलिप. काळजीचं काही नाही."

"काही नाही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवी आरशापुढं बसून वेणीशी झगडत होती. मी तिच्या हातातला कंगवा घेतला, तिला जवळ ओढलं आणि दोन्ही वेण्या घातल्या. रिबिनी बांधल्या. मोजे चढवले, बुटाचे बंद बांधले, बाटली भरून दप्तरात ठेवली. ती गुपचूप सगळं करून घेत होती. मग म्हणाली,

"आई, म्हणजे मी आता परत लहान हाय का?"