झेंड्याजवळची झोप

नातवाने टीव्हीवर गोल्फची स्पर्धा लावली होती. समुद्राकाठचं हिरवंगार मैदान, मागे वाइनच्या द्राक्षांचे मळे. मला आमचं चिंचणीचं मैदान आठवलं. त्याच्या मागे ताडांची रांग होती, आणि ताडांना ताडीची मडकी.

साठच्या दशकात वीजघर बांधायला आलेल्या गोऱ्या साहेबांनी ते गोल्फ खेळायला केलं होतं. तिथलं गवत कापायला मी आणि माझी सासू जायचो. सासूला दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दुपारी मात्र विळा बाजूला ठेवून ती चेंडूच्या खळग्यात रोवलेल्या झेंड्याजवळच्या मऊ गवतावर कलंडली आणि चक्क घोरायला लागली. तेवढ्यात एक साहेब खेळायला आला. मी तिला उठवायला धावले, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि काठी घेऊन गुपचूप ताडाखाली जाऊन बसला.

जाग आल्यावर सासू म्हणाली, "तू पन पड गो जरा. मऊ हाय."

"नाय आये, म्हशी वाट बघतात," मी म्हणाले.

आता म्हशी नाहीत, सासूही नाही. जाड गादीवर मी दिवसभर पडून असते. पण अंगातला शीण काही जात नाही. तो त्या गवतावरच उतरला असता.