मामंजींबरोबर भेडाघाटला, गरुड मोजायला

आमच्या घरी दिवाळीच्या आसपास दोन कामं ठरलेली असतात: सासूबाईंचा फराळ आणि मामंजींचे गरुड. फराळाला घरातले सगळे हात लागतात. गरुडांना मात्र आजवर एकटे तिवारीजी पुरत. तिवारीजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पाटणच्या तहसिलीतले जुने मित्र. दोघांनी बरोबरच पेन्शन घेतली. थंडीसाठी उत्तरेकडून उतरणारे गरुड आणि ससाणे भेडाघाटजवळच्या एका टेकडीवरून मोजायचे आणि जबलपूरला परतल्यावर शेजारच्या वकीलसाहेबांच्या ओसरीवर आकडा जाहीर करायचा, हा दोघांचा दरवर्षीचा उद्योग. यंदा तिवारीजी मुलाकडे सागरला राहायला गेले आणि मामंजी एकटे पडले.

"मी येते," असं मी म्हटलं, तेव्हा पक्ष्यांपेक्षा चकल्यांपासून सुटका हे कारण मोठं होतं, हे इथे सांगून टाकते.

सासूबाईंनी सोऱ्यावरून मान वर केली. "काहून? आपल्या गच्चीवर घारी नाहीत का?"

"घारी नाही, गरुड," मामंजी म्हणाले.

"अच्छा. मग त्याच्यावरच बसून लवकर परत या."

तुम्हालाही जायचं असेल तर टांगा आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा आणि जाण्यायेण्याचं एकदमच ठरवा. भेडाघाटला पोचल्यावर आपला घोडा फार थकला आहे, हे टांगेवाल्याच्या अचानक लक्षात येतं. आम्ही पहाटे निघालो. मदन महालच्या काळ्या शिळांपाशी उजाडलं. तेवरला एका बाईकडून उकडलेले शिंगाडे घेतले. सासूबाईंनी डब्यात खोव्याची जलेबी दिली होती, ती टेकडीपर्यंत पोचलीच नाही. निम्मी मी खाल्ली. मामंजी म्हणतात, निम्म्याहून जास्त.

भेडाघाटला धर्मशाळेत वळकट्या ठेवल्या. इथे येणारा प्रत्येक जण संगमरवर पाहायला नावेत बसतो. आम्ही नदीकडे पाठ करून निघालो, तसा एक नावाडी मागून आला.

"बाबूजी, नाव में नहीं बैठेंगे?"

"नहीं भैया, हमको ऊपर जाना है."

"ऊपर तो एक दिन सबको जाना है. पहले नाव में बैठ लीजिए."

मामंजींना हे इतकं आवडलं की अर्धी चढण ते हसतच चढले. चढण सोपी आहे, पण गवताचं कुसळ लुगड्याला असं चिकटतं की उतरल्यावर तास-दीड तास तेच काढत बसावं लागतं. जाड लुगडं नेसा. पाणी खालूनच भरून घ्या. मामंजींनी मला पुढे घातलं आणि स्वतः माझ्या पावलावर पाऊल ठेवत आले. "सापाचा भरवसा नाही," म्हणाले. म्हणजे साप आधी सुनेला, असा हिशेब.

खडक तापेपर्यंत आभाळ रिकामंच असतं. तोवर त्यांनी मला शिकवून घेतलं. शेपटीला खाच असेल तर ती घार, सोडून द्यायची. पंख निमुळते आणि टोकदार, तर ससाणा. मोठं धूड, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली आणि पंख न हलवता चाल, तर गरुड. ऊन तापलं की ते एका जागी गोल फिरत वर चढतात. तेव्हा मोजायचं नाही, सगळे एकमेकांत मिसळतात. वर पोचून एकेक जण दक्षिणेला सुटतो, तेव्हा मोजायचं.

"आले!" मी ओरडले.

मामंजींनी छावणीच्या लिलावात घेतलेली दुर्बीण डोळ्यांना लावली. "हो, हो. दिसले. पाच आहेत."

पक्षी गावाच्या अंगाला होते आणि दुर्बीण नदीकडे. शिवाय तिच्या एका भिंगावरचं चामड्याचं झाकण तसंच होतं. मला वाटलं, ते माझी थट्टा करताहेत. मी खूप हसले.

"मामंजी, झाकण! आणि इकडे बघा, तीसेक तरी आहेत."

ते हसले नाहीत. बोटाने चाचपून त्यांनी झाकण काढलं आणि माझ्या आवाजाच्या दिशेला वळले. "मग तीस," म्हणाले.

माझं हसू तिथेच थांबलं. "तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं ना. उजेड दिसतो. तुझं पातळ दिसतं, हिरवं की निळं ते नको विचारू."

"मग मागच्या वर्षीचा आकडा?"

"तिवारी ओरडे. अरे वाह, सात! अरे, फिर चार! मी बेरीज करत जाई."

"त्यांना ठाऊक होतं?"

"सूनबाई, शेजारी बसलेल्या माणसाला सांगायला कोणी एवढं बोंबलते का?"

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. हे मामंजी एकटेच जाऊन ऐकून आले होते आणि घरी कोणाला बोलले नव्हते. ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवतात, तसूभर हलू देत नाहीत. एवढं करून डोळा वाचला नाही, तर होता तो उजेडही जातो. "म्हटलं, उजेड पुरे आपल्याला," ते म्हणाले.

 तेवढ्यात वर पक्षी सुटायला लागले.

"मामंजी, निघाले."

"मग मोज. मोठ्यानं."

मी मोजायला लागले. सासरी आल्यापासून इतक्या मोठ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते, मामंजींसमोर तर नाहीच. एक, दोन, तीन... दहा झाले की ते एक खडा बाजूला ठेवत. मध्येच विचारत, "शेपूट?" मी म्हणे, "सरळ." "पंख फाकले?" "फाकले." एकदा मी उत्साहात घारीलाही गरुड केलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि ती काढून टाकायला लावली. "तिवारीसुद्धा हेच करे," म्हणाले. खड्यांचा बऱ्यापैकी ढीग झाला. मधूनच मी बघतच राही आणि मोजायचं राहून जाई, तेव्हा ते काठीने खडक वाजवत.

दुपारी एक गरुड टेकडीच्या कडेने इतका जवळून गेला की त्याची सावली आमच्यावरून सरकली. मामंजींनी झटकन मान वर केली.

"कोण गेलं?"

"गरुड. चोचीशी पिवळं आहे."

"पिवळं कुठपर्यंत? डोळ्याखालपर्यंत येते?"

"हो, तिथपर्यंत."

त्यांनी सावली गेली त्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाले, "हा मला पाहायचा होता."

रात्री धर्मशाळेत खिचडी केली. सकाळी परतीला लागलो. टांग्यात मी मागे तोंड करून बसले होते. मदन महालाजवळ मामंजींनी पुढूनच विचारलं, "त्या वाळूच्या पिशव्या किती जड असतील गं?"

संध्याकाळी वकीलसाहेबांनी ओसरीवरून हाक दिली, "कहिए, कितने हुए?"

"बहू से पूछिए," मामंजी म्हणाले. "गिने उसने हैं. मुझे दिखता नहीं."

 आमच्या खिडकीआड सासूबाई माझ्या शेजारीच होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "मग?" त्या मला म्हणाल्या. "दोन वर्षं मी ताकाची वाटी त्यांच्या हातात धरून देऊन राहिली, ती काय लाडानं?"

या सहलीतून काय राहिलं म्हणाल, तर आकडा राहिला नाही. तो मामंजींना पाठ आहे, त्यांना विचारा. माझा आवाज मात्र राहिला. टेकडीवर तो जो मोठा झाला, तो घरात आल्यावर पुरता लहान झालाच नाही, अशी आमच्या ह्यांची तक्रार आहे. गरुड मोजायला जरूर जा, पण बरोबर कोणाला नेता याचा आधी विचार करा.

थंडी सरायच्या आत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पिशव्या जड होत्या. मामंजी हलले नाहीत, पण बोलायचेही थांबले नाहीत. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून त्यांनी आधी खोली पाहिली, मग मला, मग खाटेच्या पायाशी उभ्या असलेल्या सासूबाईंना पाहिलं आणि त्यांच्यावरच नजर थांबवली.

"अवं, तुझे केस कधी पिकले?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "तुम्ही वर पाहून राहिले होते, तेव्हा."