आप्पांना दाखवलेला कारखाना

शेजारच्या वैशालीचा फोन आला तेव्हा मी इथे आयर्लंडमध्ये, चेरीवूडला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये नुकतीच शिरत होते. सकाळी तिचा फोन म्हणजे तिच्या लेकीचं, 'सईला शाळेतून आणशील का' एवढंच काम असायचं, म्हणून मी इंजिन बंद न करताच उचलला. "मेधा, माधव गेला गं..." एवढंच म्हणाली. वैशाली टॅलाच्या हॉस्पिटलात नर्स आहे. कामावर छातीत कळ येऊन कोसळलेल्या तिच्या नवऱ्याला, माधवला, अॅम्ब्युलन्सने तिथेच आणलं, तेव्हा ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कुणाला तरी औषधं देत होती. ती खाली येईपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. मी तशीच गाडी वळवून टॅलाला गेले. नातेवाइकांसाठीच्या एका छोट्या खोलीत ती त्याचं कामावरचं जॅकेट मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ रडली आणि मग तिने जो पहिला प्रश्न विचारला, तो बाहेरच्या कुणी ऐकला असता तर त्याला वाटलं असतं, बाईला भ्रम झालाय. ती म्हणाली, "आप्पांना कंपनीचं काय सांगायचं?"

आप्पा म्हणजे माधवचे वडील. नाशिकला सातपूरला राहतात, ऐंशी उलटलेले. आपला मुलगा अजूनही त्याच्या जुन्या अमेरिकन मोटार कंपनीत आहे, अशी त्यांची समजूत. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. माधव मात्र इथे आल्यापासून कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघत होता. आता त्याच्या मॅनेजरचा, डेक्लनचा, निरोप आला होता की अंत्यविधीला सगळी शिफ्ट कंपनीच्या जॅकेटांत दोन्ही बाजूंना रांगेने उभी राहील. इकडे तो मान असतो. आणि इकडे अंत्यविधी कॅमेऱ्यावरूनही दाखवतात, लांबच्या माणसांना घरबसल्या बघता यावा म्हणून. सातपूरच्या घरात आप्पा तो बघणार होते. जॅकेटांवर पाठभर त्या दुसऱ्याच कंपनीचं नाव.

माधवची आणि माझी ओळख ल्यूकनच्या आमच्या वसाहतीतली. आमची घरं भिंतीला भिंत लागून. तो राहायला आला त्याच आठवड्यात माझ्या गाडीशी उकिडवा बसलेला दिसला. मला वाटलं, किल्ली पडली असेल. तर हा दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटीवरून वरून खाली बोट फिरवत होता. "दार बसलेलं नाही तुमचं," म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही! मी जरा तिरसटच आहे, म्हटलं, "लागतं ना? मग झालं." त्यावर त्याने दार लावून दाखवलं, मग बिजागरीपाशी काहीतरी खटपट करून पुन्हा लावलं, आणि खरंच आवाज बदलला. पहिला डबा आपटल्यासारखा होता, दुसरा एकदम भरीव. कुठलीही गाडी असो, हा माणूस दार लावायचा, फटीवरून बोट फिरवायचा, पुन्हा उघडून लावायचा आणि मग मान हलवायचा. टॅक्सीवाल्यांशी यावरून भांडणं होता होता राहिलीत.

ही सवय कंपनीची. निळ्या अंडाकृती बिल्ल्याच्या त्या कंपनीत तो नाशिकला लागला तेव्हा नुकताच डिप्लोमा झालेला पोरगा होता. तिची भारतातली पहिली गाडी नाशिकला जोडली जायची, एका देशी कंपनीच्या भागीदारीत. माधवला काम मिळालं दारांच्या तपासणीचं. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. त्या पेढ्यांमागे एक जुनं दुखणं होतं. आप्पा स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते आणि माधव शाळेत असताना तो कारखाना बंद पडला. त्यानंतर कितीतरी दिवस ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, बंद गेटपाशी बसायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. आईला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही. डबा भरून देत राहिली. हे माधवने मला एकदाच सांगितलं, चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत.

पुढे कंपनी चेन्नईकडे गेली, माधवही तिच्यामागे गेला. संसार तिथेच झाला, सई तिथेच जन्मली. आणि मग एके दिवशी कंपनीने भारतातलं गाड्या बनवणंच थांबवलं. बातमी टीव्हीवर आली तसा आप्पांचा फोन आला, "माधव, तुमची कंपनी चालली म्हणे?" त्याच महिन्यात वैशालीला टॅलाची नोकरी मिळाली होती. माधव बोलून गेला, "इथली चालली आप्पा, पण आयर्लंडला आहे ना. मला तिकडे पाठवतायत. मालकाचं मूळ गावच आहे ते." आयुष्यभर दारांच्या फटी मोजलेल्या माणसाने मारलेली थाप ती, तिलाही कुठे फट नव्हती. कंपनी काढणाऱ्या मूळ मालकाचा बाप खरंच इथल्या, कॉर्ककडच्या एका खेड्यातला. बटाट्याच्या दुष्काळात घरदार सोडून अमेरिकेला गेलेला. पोराने तिकडे मोटारींचं साम्राज्य उभं केलं आणि बापाच्या मुलखात, कॉर्कला नदीकाठी, कारखाना काढला. आधी ट्रॅक्टर, मग गाड्या. फक्त तो कारखाना ऐंशीच्या दशकातच बंद झाला, एवढंच माधवने गाळलं होतं.

मग आप्पा इकडे आले, तीन महिन्यांसाठी. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मला तुझा कारखाना दाखव." मी माधवला कुंपणापाशी गाठून स्पष्ट सांगितलं, "खरं सांगून टाक. म्हातारा काही मोडून पडत नाही." तो म्हणाला, "तू त्यांना गेटपाशी बसलेलं पाहिलं नाहीस, मेधा." तर एका रविवारी आम्ही कॉर्कला निघालो. वैशालीची ड्यूटी होती, म्हणून आप्पांशी बोलत राहायचं काम माझ्याकडे, आणि मागे सई. माधवने इथे आल्यावर त्याच बिल्ल्याची एक जुनी गाडी घेतली होती. वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. गाडीतल्या गाडीत माधव कंपनीचा सगळा इतिहास सांगत होता. एकच माणूस अख्खी गाडी जोडायचा ते दिवस, मग सरकत्या पट्ट्यावर गाडी माणसाकडे यायला लागली ते दिवस. कॉर्कची पोरं लंडनजवळच्या कारखान्यात जायची आणि सुट्टीत झकपक कपडे घालून गावी मिरवायची तेही. इतकं रंगून सांगत होता की हा तिथे आज खरोखर कामाला आहे असं मलाही वाटायला लागलं. आप्पा नुसते हुंकार देत होते. सई म्हणाली, "बाबा, यू आर अ बिट मच." आप्पांनी विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, "छान सांगतोय म्हणते."

कारखाना नदीकाठी आहे, लांबच लांब. वारा सुटला होता. माधवने गाडी एका बाजूच्या गेटसमोर थांबवली आणि उतरून नुसताच उभा राहिला. आप्पा हळूहळू गेटपाशी गेले. कुलपाला हात लावला, गजांतून आत पाहिलं. मग विचारलं, "आज रविवार ना रे?"

"हो आप्पा."

"मग बरोबर. सुट्टीच असायची."

त्यांनी चपला काढल्या, उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि सईला म्हणाले, "आमचा दोघांचा फोटो काढ." फोटोत माधव हसतोय. मी त्याला इतकं सुटल्यासारखं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर आप्पा डोळे मिटून बसले होते. त्यानंतर फोनवर ते माधवला कंपनीचं कधी काही विचारेनासे झाले. 'डबा खाल्लास का' एवढंच विचारायचे. माधवला वाटलं, त्यांचं समाधान झालं. मलाही तसंच वाटलं.

...तर अंत्यविधीच्या आदल्या दिवशी वैशाली म्हणाली, "डेक्लनला सांगू का, साध्या कपड्यांत या म्हणून? की आप्पांना खरं सांगू? माझ्याच्याने नाही होणार. तू कर फोन." मी केला. मुलगा गेल्याचं त्यांना आधीच कळवलं होतं. आवाज खोल गेलेला होता, पण स्थिर होता. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग म्हटलं, "आप्पा, उद्या जी माणसं दिसतील ना, त्यांच्या अंगावर दुसऱ्या कंपनीचे..."

"पोरी, मला ठाऊक आहे ते."

"ठाऊक? कसं?"

"त्या कुलपाचा गंज त्याच्या नोकरीपेक्षा जुना होता गं. मी टर्नर होतो. बंद कारखाना मला लांबून कळतो."

"मग तुम्ही त्याला बोलला का नाही, आप्पा?"

 मग म्हणाले, "त्याची आई मला रोज डबा भरून द्यायची. ती कधी बोलली का? ...येऊ दे त्या लोकांना त्यांच्या कपड्यांत. ज्यांच्याबरोबर जेवला, ती त्याची कंपनी."

फोन ठेवला आणि मला रडू आलं नाही, राग आला. दोघांचाही. बाप मुलाला सांभाळतोय, मुलगा बापाला सांभाळतोय, आणि मुलगा ते ओझं घेऊनच गेला. कुणीतरी एकाने तोंड उघडलं असतं तर! माधव वेगळ्याच हलकेपणाने जगला असता, हे मला अजून वाटतं. वैशालीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यालाही कळलं असेल गं." मला नाही वाटत तसं. पण तिला मी तसं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी शिफ्ट आली. दोन्ही बाजूंना निळी जॅकेटं, डेक्लनचे डोळे लाल. "युवर मॅन वुडन्ट लेट अ बॅड पार्ट पास हिम," तो मला म्हणाला. म्हटलं, दारही नाही. त्याला ते कळलं नाही, पण त्याने मान हलवली. सातपूरला आप्पा भिंतीला टेकून शेवटपर्यंत बघत होते, असं त्यांच्या शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं.

आता काही आठवडे झालेत. ती जुनी गाडी त्यांच्या दारात तशीच उभी होती. वैशालीला चालवता येत नाही आणि विकायचं नाव काढवत नाही. परवा रविवारी मी तिच्याकडे बसले असताना आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. थोडं बोलून म्हणाले, "सई, बाबाच्या गाडीपाशी जा बरं." सई फोन घेऊन बाहेर गेली, आम्ही दोघी मागोमाग. "दार लाव. मला ऐकू दे." सईने दार लावलं. आप्पा ऐकत होते, मान थोडी वाकडी करून, हुबेहूब माधवसारखी. ही सवय कारखान्याच्या आधीची, घरातलीच, हे मला त्या क्षणी कळलं.

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा."

सईने फोन माझ्या हातात दिला. फटीवरून वरून खाली बोट फिरवलं, दार उघडलं, आणि लावलं.

"हं," आप्पा म्हणाले. "आता बसलं."