गोकुळ रोडच्या फळमाश्या

“ह्या अळ्या तुमच्याच. शेड रिकामी करा,” असं म्हणून नारायणशेठनी कापलेला आंबा आमच्या टेबलावर आपटला. शेठ दाजीबानपेठेतले कापडवाले. गोकुळ रोडवरची ही शेड त्यांची, मागची आंब्याची झाडंही त्यांचीच. शेडमध्ये आम्ही फळमाश्या पाळतो. शाल्मला त्यांचे जीन बदलते, विनायक पिंजरे सांभाळतो आणि मी अळ्यांसाठी कोंड्याचा स्वयंपाक करते. शेड गेली तर शाल्मलाचा सगळा माशीवंश संपला, कारण माश्यांचं नाव काढलं की दुसरे घरमालक दारच लावून घेतात.

भांडण कुठं पोचलं ते सांगतेच. पण माश्यांच्या नादी लागलं की किस्से कसे साठतात बघा, पातेल्याला करपलेला कोंडा चिकटतो तसे. खरवडले तरी निघत नाहीत.

आधी एवढं समजून घ्या. शाळा माझी चौथीत सुटली, जीनबिन सगळं मी घरी वाचून शिकले, म्हणून मी सांगितलेलं कुणालाही कळतं. आमच्या माशीत असा जीन घातलाय की मुली लहानपणीच मरतात, मुलगे जगतात. असे नर बागेत सोडले की पुढं माद्या कमी, आणि शेपटाच्या सुईनं आंब्यात अंडी घालतात त्या माद्याच, म्हणून आंब्याला डंख कमी. सोडायची परवानगी अजून नाही, म्हणून जाळ्या आणि दोन दोन दारं. पिंजऱ्यात मात्र वंश चालायला मुली हव्यात. त्यासाठी कोंड्यात एक औषध घालायचं, की मुलीही जगतात.

विनायक एकदा ते विसरला. मी पुतणीच्या लग्नाला बेळगावला गेले होते. येऊन बघते तर अख्खा पिंजरा नरांचा. दुसरा पिंजरा होता म्हणून निभावलं. शाल्मला रडकुंडीला आलेली आणि हा म्हणतो, “अक्का, संख्या तर चांगली आहे.”

म्हटलं, “संख्या मुलांच्या हॉस्टेललाही चांगली असते. तिथं पाळणा हलतो का?”

एक पुढारी शेड बघायला आले होते. मुली मरतात, मुलगे जगतात, एवढं ऐकलं आणि पुढचं काही ऐकेनात. जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आमच्या सुनेसाठी काही करता येईल का.

“येईल की. आधी तुमच्या मुलाला जाळीत ठेवायचा आणि कोंडा चारायचा.”

चहा अर्धा टाकून गेले.

शाल्मलाला बघायला धारवाडहून मंडळी आली. तिला सवड नव्हती, म्हणून शेडवरच. आता आमच्याकडं बाहेर पडताना दोन दारांच्या मध्ये आरशापुढं उभं राहून सावकाश एक गिरकी घ्यावी लागते, पाठीवर बसून माशी बाहेर जाऊ नये म्हणून. नियम मी कुणासाठी सोडत नाही. मुलाला फिरवला, त्याच्या वडलांना फिरवलं, आईला पदर झटकायला लावला. त्या फणकारल्या, “मुलगी बघायला आलोय आम्ही.”

“बघितलीत ना? आता आमचं चाललंय.”

लग्न जमलं. जावई अजून आरसा दिसला की फिरतो.

तर शेठ. शाल्मलानं त्यांच्या अळ्या खास दिव्याखाली धरल्या. आमच्या अळ्या त्या दिव्यात लाल चमकतात. ओळखता याव्यात म्हणून तशी खूणच घातलीय. ह्या चमकल्या नाहीत. शेठ म्हणाले, “दिवा तुमचा, यंत्र तुमचं, मी का मानू? महिनाअखेर शेड रिकामी.” शाल्मलानं दिवा बंद केला. विनायक सामान भरायला खोकी शोधू लागला.

मी एका बरणीच्या तळाशी अळ्यांना कोष करायला वाळू पसरली, शेठचा आंबा अळ्यांसकट आत ठेवला, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी त्यांच्याच हातात दिली.

“घरी नेऊन ठेवा, शेठ, शेपटाला सुई असलेली एक जरी मुलगी ह्यातून निघाली तर सगळ्या दाजीबानपेठेत पेढे वाटा, कारण आमच्या घराण्यात औषधाशिवाय मुलगी जगत नाही.”